टाइलच्या केमिकलची बॅग सादळू नये म्हणून

पापड सादळला की तळताना फुलत नाही आणि मीठ सादळलं की बरणीत गोळा होऊन बसतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आज मात्र आम्ही सादळणाऱ्या एका वेगळ्याच वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती स्वयंपाकघरातली नाही, पण आता आपल्या घरात, न्हाणीघरात, शौचालयात आणि ओट्यामागच्या भिंतीवर येऊन बसली आहे. टाइल चिकटवायची पावडर. दुकानात तिला टाइल ॲडहेसिव्ह म्हणतात आणि आपल्याकडचे मिस्त्री सरळ ‘केमिकल’ म्हणतात. आम्हीही आज केमिकलच म्हणू.

आता बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. कारण साधं आहे. गावात घरकुलं होतायत, घरोघरी न्हाणीघर बांधलं जातंय. टाइल आणायला घरातला माणूस जातो, पण आणलेला माल कुठे ठेवायचा हे आपण ठरवतो. ‘तिकडं कोपऱ्यात टाका’ हे वाक्य आपलंच असतं. शिवाय आमच्यासारखे काही गट बांधकामाच्या सामानाचं छोटं दुकान चालवतात. त्यांच्या तर कर्जाचा पैसाच या बॅगांमध्ये अडकलेला असतो.

आमचा गट पाटण तालुक्यातला, पावसाच्या पट्ट्यातला. जून लागला की भिंतीला हात लावला तरी ओल लागते. आमची एक मोठी चूक आधी सांगतो, कारण पुढचं सगळं आम्ही त्या चुकीतूनच शिकलो.

आमची चूक

दुकान सुरू करून पहिलंच वर्ष होतं. मे महिन्यात एकदम ३० बॅगा घेतल्या, कारण जास्त घेतल्या तर भाव कमी पडत होता. ठेवायला समाजमंदिरामागची जुनी खोली मिळाली. खाली शहाबादी फरशी, भिंती मातीच्या सांध्याच्या, वर पत्रा. फरशी कोरडी दिसली म्हणून बॅगा थेट तिच्यावर रचल्या, भिंतीला टेकवून. जागा वाचली म्हणून आम्ही खूश.

ऑगस्टमध्ये ११ बॅगा उरल्या होत्या. सगळ्यात खालच्या आणि भिंतीकडच्या बॅगा हाताला टणक लागत होत्या. उघडून पाहिलं तर आत सुपारीएवढे खडे. आता काय करायचं? कर्जाचा हप्ता डोक्यावर होता. कुणीतरी म्हणालं, चाळून घेऊ. आम्ही वाळूची चाळण आणली, खडे काढले आणि खाली पडलेली भुकटी पुन्हा बॅगेत भरली. दिसायला अगदी नवीसारखी! आमच्याच गटातल्या एका ताईंचं न्हाणीघर चाललं होतं. त्यांना तसल्या ३ बॅगा अर्ध्या किमतीत दिल्या. चाळलेल्या आहेत हे सांगितलं, पण त्यानं काय होईल हे आम्हालाच ठाऊक नव्हतं.

गणपतीत काम झालं. दिवाळीनंतर टाइलवर बोट वाजवलं की पोकळ आवाज यायला लागला. संक्रांतीच्या आधी एका रात्री कमरेच्या उंचीवरची एक टाइल खाली पडून फुटली. त्या वेळी न्हाणीत कुणी नव्हतं. पहाटे त्यांच्या सासूबाई तिथेच बसून अंघोळ करतात.

त्या ताई भांडल्या नाहीत. पुढच्या बैठकीला आल्या आणि त्या टाइलचा मोठा तुकडा पालथा करून सतरंजीवर ठेवला. टाइलची पाठ जवळजवळ स्वच्छ होती. जे थोडं केमिकल चिकटलेलं होतं, ते बोटानं घासलं तर पिठासारखं निघालं. आम्ही सगळ्या गप्प बसलो.

दोन भिंतींच्या टाइल काढून पुन्हा लावाव्या लागल्या. नवीन टाइल, नवीन केमिकल, मिस्त्री आणि बिगारी यांची दोन दिवसांची मजुरी, सगळं मिळून साडेसहा हजार रुपये गटानं भरले. चाळलेल्या त्या तीन बॅगांचे आम्हाला सहाशेसुद्धा मिळाले नव्हते.

बॅगेत असतं काय?

त्यानंतर आम्ही एका जाणत्या मिस्त्रींना बैठकीला बोलावलं, बॅगेवरचं बारीक अक्षर वाचलं आणि समजून घेतलं. केमिकल म्हणजे काही जादूची पावडर नाही. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली सिमेंट. दुसरी एकसारखी चाळलेली बारीक वाळू. आणि तिसरी, प्रमाणानं थोडी पण किमतीनं महाग, ती म्हणजे पॉलिमरची भुकटी आणि तिच्या जोडीला पाणी धरून ठेवणारी भुकटी.

पॉलिमरची भुकटी म्हणजे सुतार लाकडाला लावतो तो पांढरा गोंद वाळवून त्याचं पीठ केल्यासारखं समजा. पाणी पडलं की ती पुन्हा गोंद होते आणि गुळगुळीत टाइलला धरून ठेवते. आजकालची व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही, म्हणून नुसतं सिमेंट तिच्यात मुरत नाही. तिथे हा गोंदच कामाला येतो. दुसरी भुकटी सब्जाच्या बियांसारखी वागते, पाणी धरून फुगते. त्यामुळे कोरडी भिंत सगळं पाणी शोषून घेत नाही आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणी पुरतं.

आता ओल काय करते ते बघा. सिमेंट पाण्याची वाटच बघत असतं. त्याला बादलीतलं पाणी आणि हवेतला दमटपणा यातला फरक कळत नाही. ओल लागली की त्याचं घट्ट होणं सुरू होतं आणि ते परत मागे नेता येत नाही. पापड उन्हात टाकला की पुन्हा कडक होतो. सिमेंटचं तसं नाही. त्याची ताकद एकदाच वापरायची असते. ती बॅगेतच खर्च झाली, तर भिंतीवर काय उरणार?

म्हणूनच चाळणं फसवं आहे. चाळणीवर जे राहतं ते पूर्ण मेलेलं सिमेंट. चाळणीखाली जे पडतं तेही अर्धं मेलेलं असतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. गोंदाची भुकटीसुद्धा ओलीनं आणि उष्णतेनं गुठळ्या धरते. मग ती कालवताना नीट विरघळत नाही, एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी पडते.

ओल येते कुठून?

गळक्या पत्र्यातून येणारी ओल सगळ्यांना दिसते. न दिसणारी ओल चार वाटांनी येते.

एक, जमिनीतून. फरशी वरून कोरडी असली तरी खालचा दमटपणा वर चढतो. दिवसभर फरशीवर ठेवलेली गोणपाटाची घडी उचलून तिला खालून हात लावून बघा, म्हणजे कळेल.

दोन, भिंतीतून. पावसाच्या दिशेची भिंत बाहेरून भिजते आणि आतून घाम आल्यासारखी ओलसर होते.

तीन, हवेतून. बॅगेला आत प्लॅस्टिकचा थर असला तरी ती डब्यासारखी बंद नसते. भरताना हवा निघावी म्हणून पुष्कळ बॅगांना बारीक भोकं असतात. पावसाळ्यातली दमट हवा तिथून आत जाते.

चार, शेजारातून. युरिया आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतात आणि त्यांच्या बॅगांखाली ओल सुटते. म्हणून खताची बॅग आणि केमिकलची बॅग शेजारी ठेवायची नाही. पाण्याचा पिंप, मोरी, भाताच्या ओल्या पेंढ्या यांच्यापासूनही लांब.

रचायचं कसं?

सिमेंटच्या गोदामाला जे नियम असतात, तेच केमिकलला लावायचे. आम्ही आता असं करतो.

आधी जमिनीवर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरतो. त्यावर विटा आणि विटांवर लाकडी फळ्या टाकून माच करतो. माच जमिनीपासून वीतभर उंच हवा. भिंतीपासून दीड फूट जागा सोडायची, एवढी की माणूस आडवा होऊन मागे जाऊ शकेल आणि भिंत ओली झाली का ते बघू शकेल. सिमेंटची थप्पी १० बॅगांपेक्षा उंच रचत नाहीत, कारण वजनानं खालचा माल दाबला जातो. आम्ही केमिकलची थप्पी ८ वरच थांबवतो. एक थर उभा, एक थर आडवा, म्हणजे थप्पी कलत नाही.

बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवायच्या. इथे आमचा एक मोठा गैरसमज होता. कांद्याला वारा लागतो, म्हणून कांदाचाळीला फटी ठेवतात. आम्हाला वाटलं, इथेही हवा खेळती हवी. पण सिमेंटला वारा नको. जितकी जास्त हवा बॅगांमधून फिरेल, तितकी ओल आत जाईल. म्हणून बॅगा जवळजवळ ठेवायच्या, वरून चारही बाजूंनी प्लॅस्टिक झाकायचं आणि पावसाळी दिवसांत खोलीची खिडकी बंद ठेवायची. माल काढायचा तेवढ्यापुरतंच दार उघडायचं.

बॅग उचलताना आकडा लावायचा नाही, फरफटत न्यायची नाही, वरून टाकायची नाही. बारीक भोक पडलं तरी त्या जागी खडा धरतो. टेंपोतून आणताना पाऊस नसला तरी ताडपत्री हवीच, आमच्या घाटात पाऊस विचारून येत नाही.

उन्हाळ्यातही सुट्टी नाही. पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी होते. त्या उष्णतेनं आणि वरच्या वजनानं गोंदाची भुकटी गुठळ्या धरते. म्हणून पत्र्याला लागून माल रचायचा नाही आणि उन्हाची तिरीप येते ती जागा टाळायची. घरी दोन-तीनच बॅगा असतील तर पडवीपेक्षा आतली खोली बरी, आणि जमिनीपेक्षा लाकडी बाक बरा.

तारीख आणि हिशेब

प्रत्येक बॅगेवर बनवल्याची तारीख आणि मुदत छापलेली असते. कुठे ६ महिने, कुठे ९, कुठे १२. ही मुदत बनवल्याच्या दिवसापासून मोजायची, आपण विकत घेतल्या दिवसापासून नाही. आणि ती बंद बॅगेची, कोरड्या जागी ठेवलेल्या बॅगेची मुदत असते. ओलीत ठेवलेल्या बॅगेला त्या छापलेल्या मुदतीचा आधार नाही.

घेताना दुकानातच तारीख वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या. स्वस्त मिळतंय म्हणून मुदत संपत आलेली बॅग घेऊ नका. आम्ही बॅग आली की तिच्यावर आमच्या खडूनं मोठ्या अक्षरात महिना लिहितो आणि जुना माल पुढे, नवा मागे ठेवतो. जुनं धान्य आधी काढतो ना, तसंच.

सगळ्यात चांगली साठवण म्हणजे कमी साठवण. लागेल तेवढंच आणायचं. त्यासाठी हिशेब यायला हवा. थर ३ मिलिमीटरचा धरला तर २० किलोची बॅग साधारण ५० चौरस फुटांना पुरते. भिंत वाकडीतिकडी असेल तर कमी जागा होते. समजा न्हाणीघर ४ फूट बाय ६ फूट आहे आणि भिंतीला ७ फुटांपर्यंत टाइल लावायची आहे. चारही भिंतींची लांबी मिळून २० फूट. २० गुणिले ७ म्हणजे १४०. त्यातून दाराचे साधारण १६ वजा केले की १२४. खालची जमीन २४. एकूण १४८ चौरस फूट, म्हणजे ३ बॅगा. मग ५ कशाला आणायच्या? आणल्याच, तर बंद असतानाच परत घेणार का, हे दुकानदाराला आधी विचारून ठेवा.

उघडलेली बॅग

घरात बॅग वाया जाते ती बहुतेक वेळा अर्धी उरल्यावर. मिस्त्री दुपारी निघून जातो, बॅगेचं तोंड उघडं राहतं आणि आठ दिवसांनी आठवण होते.

लोणच्याच्या बरणीत आपण ओला चमचा घालत नाही. हाच नियम इथे. ओलं घमेलं, ओली थापी, ओला हात बॅगेत जाता कामा नये. कोरड्या डब्यानं हवी तेवढी पावडर काढायची आणि लगेच तोंड बंद करायचं. आतली हवा दाबून काढायची, तोंड दोन-तीनदा दुमडायचं, सुतळीनं आवळायचं आणि ती बॅग दुसऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा बांधायची. झाकणाची कोरडी बादली असेल तर फारच उत्तम. वर उघडल्याची तारीख लिहायची. एवढं करूनही उघडलेली बॅग साठवायची वस्तू नाही. ती त्याच कामात, थोड्या दिवसांत संपवायची. पुढच्या वर्षीच्या ओट्यासाठी ती राखून ठेवू नका.

कालवलेल्या मालाचीही तीच गोष्ट. एका वेळी थोडंच कालवायचं, बॅगेवर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घालायचं. घमेल्यात घट्ट व्हायला लागलेल्या मालावर पुन्हा पाणी मारून तो सैल करणं म्हणजे आमच्या चाळणीचाच दुसरा प्रकार. सैल होतो, पण चिकटत नाही. मिस्त्री असं करताना दिसला तर ‘दादा, नवीन कालवा’ असं म्हणायला लाजू नका. घर आपलं आहे.

बॅग चांगली आहे का, कसं ओळखायचं?

आधी तारीख बघा. मग बंद बॅग आडवी ठेवून दोन्ही हातांनी लोळवा. थप्पीच्या दाबानं नुसती बसलेली पावडर लोळवल्यावर मोकळी होते. उघडल्यावर एखादी गुठळी दिसली तर दोन बोटांत दाबा. सहज पीठ झालं तर ती दाबाची गुठळी. दाबूनही फुटली नाही, खड्यासारखी राहिली, तर ओल लागलेली आहे. ती बॅग बाद.

शंका असेल तर वाटीभर माल कालवून टाइलचा एक तुकडा विटेवर चिकटवा आणि एक दिवस सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी तो हातानं सहज निघाला, पाठ स्वच्छ आली, तर ती बॅग वापरायची नाही. पण एक ध्यानात ठेवा. तुकडा चिकटला म्हणून मुदत संपलेली किंवा खडे झालेली बॅग चांगली ठरत नाही. ही परीक्षा नापास करण्यासाठी आहे, पास करण्यासाठी नाही.

बाद बॅग ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका. पाणी मारून ती घट्ट होऊ द्या आणि मग राडारोड्याबरोबर टाका. आणि कोणतीही बॅग हाताळताना तोंडाला रुमाल आणि हाताला हातमोजे असू द्या. सिमेंटनं कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर फार त्रास होतो. लहान मुलांना त्या खोलीत खेळू देऊ नका.

आमचे आताचे नियम

आमच्या गटानं ठराव करून चार नियम घातले. पावसाळ्याआधी १० बॅगांपेक्षा जास्त माल भरायचा नाही, भाव कितीही कमी पडला तरी. खोलीची चावी एकीकडेच आणि दर पंधरा दिवसांनी दोघींनी मिळून माल बघायचा, वहीत सही करायची. खडे झालेली बॅग कुणालाही, कोणत्याही किमतीला द्यायची नाही. आणि ते नुकसान गटाच्या खात्यावर लिहायचं, चावीवाल्या ताईच्या माथी मारायचं नाही. हा चौथा नियम महत्त्वाचा. नुकसान एकटीवर येणार असेल तर ती खराब बॅग लपवते, आणि लपवलेली बॅग शेवटी कुणाच्या तरी भिंतीवर जाते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या २ बॅगा बाद झाल्या. पत्र्याचा एक खिळा सैल होऊन पाणी आलं होतं. साडेसातशे रुपयांचं नुकसान वहीत लिहिलं, खिळा ठोकून घेतला. त्या न्हाणीघरवाल्या ताई त्या दिवशी सहीला होत्या. त्यांनीच पेन घेतलं आणि ‘बाद’ असं लिहिलं.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरात, पडवीत, गोठ्याच्या कडेला एखादी केमिकलची किंवा सिमेंटची बॅग पडली असेल तर तिची तारीख वाचा आणि तिला जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा.